एकोणतीस म्हटलं की मुलं ३९ लिहितात. दुसरीच्या वर्गात तुम्ही काय करता?

पाटीपेन्सिल | सिडको, नाशिक | ४ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार. यंदा माझ्याकडे दुसरी आली. आधीची सहा वर्षं चौथीला होते, त्यामुळे इतकी लहान मुलं बऱ्याच काळाने समोर बसलीत. पट ३७. आरटीईत प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण आमच्याकडे खोल्याच कमी, ते असो.

गेल्या आठवड्यात संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. मी म्हणायचं, मुलांनी पाटीवर लिहायचं. विसापर्यंत सगळं सुरळीत. मग तेवीस म्हटलं तर नऊ जणांनी ३२ लिहिलं. बत्तीस म्हटलं की तीच मुलं २३ लिहितात. आणि एकोणतीसला तर चौदा पाट्यांवर ३९! मधल्या सुट्टीत त्या पाट्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि बघत बसले. त्यात वर्गातली चुणचुणीत पोरंही होती. चौदा जण एकच चूक करतात म्हणजे ती निष्काळजीपणाची नाही. त्यांना 'तीस' ऐकू येतं, 'एकोण' आलं की नऊ लिहायचा हे आठवतं, आणि ते दोन्ही शेजारी ठेवून मोकळी होतात.

त्या चौदांत एक मुलगा आहे. मूळचे सटाण्याकडचे, वडील भाजी विकतात, बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात बसतात. वर्गात तोंडातून शब्द काढत नाही. परवा डबा खाताना सहज विचारलं, दहाला एक मेथीची जुडी, गिऱ्हाइकाने तीन घेतल्या आणि पन्नासची नोट दिली तर? माझं वाक्य संपायच्या आत "वीस" म्हणाला. त्याच मुलाच्या पाटीवर ३९. जो पैसे परत करायला चुकत नाही त्याला संख्या लिहिता येत नाही, ही दरी माझ्या डोक्यातून जात नाहीये.

'निपुण भारत' या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यात दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता आल्या पाहिजेत. आम्ही २९ वर अडलोय. घोकून घेतलं तर महिन्याभरात पाटीवर बरोबर येईलही, पण मला ते पुरेसं वाटत नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे बाल आनंद मेळावा झाला. भेळ आयांनी केली, हिशेब बाबांनी ठेवला, मुलं नटून उभी राहिली आणि फोटो गटावर गेले. तसलं नको. मुलाच्या हाताने आणि डोक्याने होईल असं, तुम्ही स्वतः वर्गात किंवा घरी केलेलं सांगा. चुकलेलं असेल तरी सांगा.

---

गोदाकाठ | ५ जुलै, सकाळी ७.१५

ताई, पाट्या मांडून बघत बसलात हे वाचूनच बरं वाटलं. ३१ वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, त्यातली निम्मी पहिली-दुसरीला. थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे काड्या. हे सगळेच करतात, पण बहुतेक ठिकाणी शिक्षक दहा-दहाचे गठ्ठे घरून बांधून आणतात. मीही पहिली काही वर्षं आणायचो. त्यात मुलाच्या वाट्याला काहीच उरत नाही. सुट्या काड्यांचा ढीग मुलांपुढे ओता आणि "किती आहेत ते मला पटकन सांगता यावं असं मांडा" एवढंच म्हणा. कुणी चारचे गठ्ठे करील, कुणी पाचचे. करू द्या. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत की मुलंच भांडतात, आणि त्या भांडणातून दहाचा गठ्ठा येतो. तो त्यांनी बांधलेला असतो म्हणून त्यात दहा आहेत यावर त्यांचा विश्वास असतो.

दुसरं, गठ्ठा सोडता आला पाहिजे. एका मुलीला बत्तीसातून पाच काढायला सांगितलं. तिच्याकडे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या. दोन सुट्या दिल्या, उरलेल्या तीन तिने गठ्ठ्यातून चिमटीने ओढून काढल्या, रबर तसंच ठेवलं. उरले किती? म्हणाली, तीस! तीन गठ्ठे दिसतात ना. शेजारच्या मुलाने तो गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, हा हलका लागतो." मग रबर सोडून मोजलं. हे मी खडूने फळ्यावर दहा वेळा समजावलं असतं तरी पोचलं नसतं.

आता तुमचा एकोणतीस. 'एकोण' म्हणजे 'एक ऊन', एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. नावातच कृती सांगितली आहे, आपण ती मुलांना करायला देत नाही. मुलापुढे तीन गठ्ठे ठेवा. तीस ना? आता एक काडी मला दे. ती द्यायची तर गठ्ठा सोडावाच लागतो. सोडला की समोर दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. आता लिही. हातात दोनच गठ्ठे राहिलेत म्हटल्यावर मूल तीन लिहीत नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे हाच खेळ चालतो.

तेवीस-बत्तीसचा घोळ भाषेतला आहे. आपण एकक आधी बोलतो, दशक मागून, आणि लिहिताना उलट. जर्मन मुलांनाही हेच सोसावं लागतं. कानडीत एकविसाला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे सरळ वीस-एक. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठी बुडाली इथपर्यंत लोक बोलले. तेवीस, बत्तीस कुणी काढून टाकले नव्हते, मुलाला चढायला मधली एक पायरी दिली होती. मी तर त्याच्या कितीतरी आधीपासून वर्गात "वीस आणि तीन, तेवीस" असं म्हणून घेत होतो. गठ्ठ्यांवर हात ठेवून 'वीस', सुट्यांवर हात ठेवून 'तीन', आणि मग दोन्ही हात एकत्र आणून 'तेवीस'. करून बघा.

---

जुनी_शाळा | पंचवटी | ५ जुलै, दुपारी १२.४०

गोदाकाठ सरांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. पाठांतराला हल्ली उगाच नावं ठेवतात. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाव, अर्धा ते साडेतीनपर्यंतचे पाढे सगळे तोंडपाठ होते. भांडी बाजारात दुकान होतं आमचं. तांब्याच्या हंड्याचं वजन आणि भाव ऐकला की आकडा तोंडात तयार. काड्या मोजत बसले असते तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं असतं. माझ्या नातवाला चौथीत बारा सत्ते विचारलं तर बोटं मोजतो. शाळेत 'कृती' भरपूर चालतात म्हणे.

---

गोदाकाठ | ५ जुलै, दुपारी ३.०५

काका, तुमचं एक म्हणणं शंभर टक्के मान्य. आपल्याकडे शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव वेगळं आहे. त्रेपन्न, छप्पन्न, त्र्याहत्तर ही नावं काड्यांतून निघत नाहीत. ती रोज कानावर पडून, म्हणूनच येतात. पाढेही पाठच हवेत. तिसरी-चौथीत ज्याला पाढे येत नाहीत तो भागाकारात बुडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण तुमच्या वडिलांच्या हातात रोज हंडे होते, तराजू होता. दिडकी म्हणताना दीड शेर काय असतो हे मनगटाला ठाऊक होतं. माझ्या सुरगाण्याच्या पोरांना मी नुसती दिडकी म्हणायला लावली असती तर ते मंत्र झाले असते. आधी हाताला कळू दे, मग तोंडाला पाठ होऊ दे, एवढाच माझा क्रम.

---

दोन_वेण्या | इंदिरानगर | ५ जुलै, रात्री १०.३०

इथे आईने लिहिलं तर चालेल ना? मुलगी तिसरीत, एका खासगी शाळेत. 'पाण्याचे स्रोत' यावर प्रतिकृती करून आणा असं सांगितलं, दोन दिवसांची मुदत. स्टेशनरीच्या दुकानात गेले तर तिथे त्याच शाळेच्या आणखी चार आया. थर्माकोल, रंग, खोटी झाडं, कापूस मिळून चारशेच्या वर गेले. रात्री साडेअकराला मी धबधब्याला निळा रंग देत होते आणि ती सोफ्यावर झोपली होती.

पुढच्या वेळी ठरवलं, तिचं तिलाच करू दे. विषय होता 'आपला परिसर'. तिने बुटाच्या खोक्यात आमची गल्ली केली. पाण्याची टाकी काडेपेटीची, पिठाची गिरणी, तिच्यापुढे तीन माणसं. गिरणीवाल्या काकांना पांढरं रंगवलं, का तर त्यांच्या भुवयांवर पीठ असतं. मला फार आवडलं. शाळेने शेरा दिला, "नीटनेटके नाही. पालकांनी लक्ष द्यावे." ते खोकं आता माळ्यावर आहे, तिने परत हात लावला नाही.

मी काय करायला हवं होतं? बाईंना भेटायला जावं का?

---

पाटीपेन्सिल | ६ जुलै, सकाळी ८.२०

ताई, जरूर भेटा, आणि खोकं घेऊन जा. मुलीलाही न्या, तिला बोलू द्या. पिठाच्या भुवया ज्या मुलीला दिसल्या तिने परिसर अभ्यास केलेला आहे. चौथीला असताना मीही वर्षानुवर्षं घरून प्रतिकृती मागवल्या, कारण भिंतीवर छान दिसायच्या आणि तपासणीला कुणी आलं की कौतुक व्हायचं. एका वर्षी एका मुलाला त्याच्याच ज्वालामुखीबद्दल विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते माझ्या मावशीला माहितीये." त्या दिवसापासून घरून मागवणं बंद केलं. जे करायचं ते वर्गात, माझ्या समोर, वाकडंतिकडं होऊ दे.

गोदाकाठ सर, तीन गठ्ठे ठेवून एक काडी मागायची, हे मला सुचलंच नव्हतं. उद्यापासून सुरू करते.

---

द्राक्षबाग | गिरणारे | ६ जुलै, रात्री ९.१०

मी शेतकरी माणूस, शिक्षक नाही, पण तो भाजीवाल्याचा पोरगा वाचला आणि राहवलं नाही.

आमच्याकडे कोथिंबीर, मेथीचा लिलाव शेकड्यावर असतो. शंभर जुड्यांचा भाव बोलतात. जुड्या भरताना एकेक कोणी मोजत नाही. आम्ही दोन हातांत मिळून पाच उचलतो आणि 'एक' म्हणतो. असे वीस झाले की शेकडा. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हापासून बांधावर बसून हे मोजते. टोमॅटोची जाळी वीस किलोची, पाच जाळ्या म्हणजे क्विंटल, हे तिला कुणी शिकवलं नाही. आणि तिच्याच प्रगतिपुस्तकात गणिताला 'सराव आवश्यक'. आता पाचाने मोजणं, विसाने मोजणं हा सराव नाही तर काय?

तुम्ही पोरांना बाजारात न्या किंवा बाजार वर्गात आणा, पण माल खरा ठेवा. प्लास्टिकची फळं नकोत. खऱ्या जुड्या लागल्या तर मी देतो, सकाळी सिडकोवरून गाडी जातेच.

---

कसमादे | ७ जुलै, रात्री ११.००

ताई, तो मुलगा वर्गात बोलत नाही असं लिहिलंत. सटाण्याकडचा म्हणजे घरी अहिराणी असणार. मी देवळ्याचा. वडिलांची अंबडला कंपनीत नोकरी लागली म्हणून दुसरीत नाशिकला आलो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, सगळी पुस्तकं आणलीस का? मी म्हणालो, "बठ्ठा लयनू." वर्ग हसला. बाईही हसल्या. नंतर एकदा 'अठे', 'तठे' म्हणालो म्हणून हातावर पट्टी बसली. पुढची दोन वर्षं मी वर्गात फक्त हजेरीला 'उपस्थित' म्हणायचो. आज पन्नाशीला आलो, तरी ते हसू आठवतं.

त्या बाईंबद्दल राग नाही, त्यांना कुणी सांगितलं नसेल. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. त्या मुलाला एकदा म्हणा, तुझ्या घरी बोलतात तसं सांग. बाकी काही करू नका. बघा काय होतं ते.

---

वाहक_सतरा | ८ जुलै, दुपारी २.३०

मी सिटीलिंकला वाहक आहे. गणिताचं नाही, वाचनाचं सांगतो. माझा मुलगा पहिली संपली तरी वाचत नव्हता. सुट्टीत दोन-चार वेळा त्याला बसमधून फिरवलं. त्याने आधी वाचलेला शब्द 'पवननगर'. त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, सगळी साधी अक्षरं. प, व, न, न, ग, र. एकेक अक्षर लावत गेला आणि एकदम ओरडला, "पप्पा, पवननगर!" अख्ख्या बसने वळून बघितलं. मग मीच रोज सोप्यातून अवघड अशी नावं विचारायला लागलो.

---

गोदाकाठ | ८ जुलै, सायं. ६.४५

वाहकदादा, तुम्ही नाशिकचा वाचनपाठच लिहिलात की! मी आत्ता कागद घेऊन बसलो. पवननगर झाल्यावर मखमलाबाद, तिथे फक्त काना. मग लेखानगर, एक मात्रा आली. निमाणीत दोन्ही वेलांट्या. सातपूर, भगूर दीर्घ ऊकाराला. गंगापूर अनुस्वाराला. पुढे जोडाक्षरं: उत्तमनगर, द्वारका, म्हसरूळ. पाथर्डी फाट्याला रफार. त्रिमूर्ती चौकात 'त्र' आणि रफार दोन्ही. आणि सगळ्यात शेवटी त्र्यंबक. ज्या मुलाने त्र्यंबक वाचलं त्याला वाचता येतं!

मुलाला जे ठिकाण माहीत आहे ते वाचताना अर्थ आधीच मनात असतो, अक्षरं फक्त त्याला भेटायला येतात. पाटीपेन्सिल ताई, तुमची मुलं सिडकोचीच आहेत. ही नावं मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यांवर लिहा, दोरीवर टांगा, हवं तर वर्गात बसच चालवा.

---

एक_फळा_चार_इयत्ता | त्र्यंबक तालुका | ११ जुलै, रात्री ८.१५

उशिरा आले, आमच्याकडे पावसात रेंज नसते. आमची द्विशिक्षकी शाळा, चार इयत्ता, ४१ मुलं. एका इयत्तेला शिकवताना बाकीच्यांना अर्थपूर्ण काम नसेल तर वर्ग हातात राहत नाही. त्यामुळे कृती ही आमची हौस नाही, त्यावरच शाळा चालते.

सध्या तिसरी-चौथीकडे पाऊस मोजायचं काम आहे. पाण्याची प्लास्टिक बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवायचा. पहिल्या वर्षी आमचा आकडा रोज चुकायचा. बाटलीचा बूड सपाट नसतो, खाली खळगे असतात, तिथे पाणी बसतं. शेवटी चौथीतल्या एका मुलीने सुचवलं, तळाला खडे टाकून सपाट भागापर्यंत आधीच पाणी भरू आणि तिथे शून्याची रेघ मारू. आता रोज सकाळी परिपाठानंतर दोघं जण बघतात, नोंद करतात, पाणी पुन्हा शून्यावर आणतात. पहिली-दुसरीची मुलं त्यांच्या मागे उभी राहून पट्टीवरचे आकडे वाचतात, सांगावं लागत नाही.

माझी बहीण सिन्नर तालुक्यात शिक्षिका आहे. तिनेही तशीच बाटली ठेवली आणि फोनवरून आकडे कळवायचं ठरलं. परवा आमची बाटली रात्रीतून भरून वाहिली होती, तिच्याकडे एक बोटही नव्हतं. आमच्या मुलांना वाटलं, त्यांनी बाटली झाकून ठेवली असणार. एकाच जिल्ह्यात असं कसं, यावर मुलं दोन दिवस बोलतायत. ब्रह्मगिरी कुठे, सिन्नर कुठे, ढग कुठून येतात, हा सगळा भूगोल त्यांनीच काढला. सिडकोतून कुणी आकडे कळवले तर तीन ठिकाणांची तुलना होईल.

भाषेचं कसमादे दादा म्हणाले ते अगदी खरं. आमच्याकडे काही घरांत कोकणा बोलतात, काही घरांत महादेव कोळ्यांची बोली. पहिलीला मी जून-जुलैचे दोन महिने त्यांचीच भाषा वर्गात चालू देते. माझ्या शब्दांची यादी मुलांनीच करून दिली आहे. एक काळजी मात्र कुठल्याही कृतीने सुटत नाही. दिवाळीनंतर काही कुटुंबं दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, मुलं सोबत जातात. जानेवारीत माझ्या वर्गात रिकाम्या जागा असतात. परत येतात तेव्हा बांधलेले गठ्ठे सुटलेले असतात.

---

द्राक्षबाग | गिरणारे | ११ जुलै, रात्री ९.४०

मॅडम, हे आमच्याच बागांचं आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे तुमच्याच बाजूची चार कुटुंबं येतात. पोरं बागेत इकडे तिकडे फिरत असतात. गेल्या वर्षी गावातल्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, आणून बसवा, आम्ही नाव लावतो. तीन पोरं दोन महिने गेली. पण ती आधी कुठे, किती शिकली होती ते कुणाला माहीत नव्हतं. यंदा निघताना तुम्ही एका कागदावर लिहून द्या, कुठपर्यंत येतं ते. मी तो शाळेत पोचवतो.

---

एक_फळा_चार_इयत्ता | १२ जुलै, सकाळी ६.५०

देते, नक्की देते. प्रत्येक मुलाचा एक कागद करते आणि त्याच्या वहीचं एक पानही जोडते. तुमचा नंबर मला इथल्या खासगी निरोपात पाठवा.

---

पाटीपेन्सिल | २ ऑगस्ट, रात्री १०.२०

महिना झाला, काय झालं ते सांगायला आले.

काड्यांचा ढीग ओतला त्या दिवशी वर्गात बाजार भरल्यासारखा आवाज होता. शेजारच्या वर्गावरच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. एका गटाने सहाचे गठ्ठे केले आणि हट्टाने तेच ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांचे आकडे कुणाशीच जुळेनात, तेव्हा रुसून सोडले. दहाचा गठ्ठा यायला मला चार दिवस लागले. पुस्तकात त्याला एक पान आहे. मनात धाकधूक होती की मागे पडतोय, आणि आजही इतर वर्गांच्या दोन पाठ मागेच आहोत.

मग एकोणतीस. तीन गठ्ठे, एक काडी मला दे. पहिल्या मुलीने गठ्ठा न सोडता काडी ओढली, अगदी सरांनी लिहिलं तसंच! मी काही बोलले नाही. बाकावरून तिघं ओरडले, "रबर सोड!"

आनंददायी शनिवारी वर्गात दुकान मांडलं. द्राक्षबाग दादांनी खरोखर मेथी पाठवली, वर्गभर वास दरवळला. वाण्याच्या पुड्या होत्या, बिस्किटं होती, आणि मी मुद्दाम भाव ठेवले १९, २९, ३९ असे. खेळातल्या नोटा आणि खरी एक-एक रुपयाची नाणी. आयांना बाहेर ठेवलं, एकदोघींना राग आला. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. दोन दुकानांत पैसेच संपले, कारण सुटे सगळ्यांनी आधीच देऊन टाकले. ते मला आधी कळायला हवं होतं.

तो मुलगा मेथीच्या दुकानावर होता. एका मुलीने २९ची वस्तू घेतली आणि दहाच्या दोन नोटा देऊन रुपये मोजायला बसली. तिच्याकडे सातच नाणी. रडकुंडीला आली. मी त्याच्याकडे वळून विचारलं, आता काय करायचं, तुझ्या घरी बोलतात तसं सांग. तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिच्या हातातली तिसरी दहाची नोट ओढून घेतली, तिच्या तळहातावर एक रुपया ठेवला आणि म्हणाला, "तीस देवाना, एक रुपया परत लेवाना."

गोदाकाठ सर, तुमचा 'एक ऊन' त्याला भाजीच्या गाड्यावर केव्हाच कळलेला होता. मीच पाटीवर त्याला दुसरं काहीतरी विचारत होते. मी फळ्यावर एकोणतीस लिहिलं, त्याच्या शेजारी त्याचंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि वर्गाकडून म्हणून घेतलं. कुणी हसलं नाही. सोमवारी सगळी मुलं एकोणचाळीसला "चाळीस देवाना, एक परत लेवाना" म्हणत होती. तो आता बोलतो. फार नाही, पण बोलतो.

काल पुन्हा श्रुतलेखन घेतलं. चौदाचे चार झाले. तेवीस-बत्तीस मात्र अजून सहा जणांचं उलटतं, त्याला वेळ लागेल असं दिसतंय. आणि त्या सहाच्या गठ्ठ्यांवाल्या गटातल्या मुलीने विचारलं, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, पुसायचा नाही असं सांगितलंय.

दोरीवर सध्या उत्तमनगरपर्यंत पोचलोय. बाटली लावली, पण कुणीतरी गच्चीवरून दोनदा पाडली, म्हणून आकडे कळवले नाहीत. या आठवड्यात शिपाईकाकांनी तिला विटांचं कोंडाळं करून दिलंय.

---

दोन_वेण्या | इंदिरानगर | २ ऑगस्ट, रात्री १०.५५

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी खोकं घेऊन भेटून आले. बाईंनी मुलीला दहा मिनिटं बोलू दिलं, गिरणीचं सगळं ऐकून घेतलं. शेरा बदलला नाही, पण खोकं वर्गातल्या खिडकीत ठेवलंय.

---

जुनी_शाळा | पंचवटी | ३ ऑगस्ट, सकाळी ९.३०

बाई, नातवाला काल बारा सत्ते विचारण्याऐवजी बारा-बाराच्या सात ओळी मांडायला लावल्या. मांडून झाल्यावर पाढाही म्हणून घेतला. आमच्याकडे जुने चिंचोके आहेत, सारीपाटासाठी जमवलेले, दोन किलो तरी भरतील. तुमच्या वर्गाला उपयोग असेल तर निमाणीला आणून देतो. वाहकदादांची गाडी तिकडे कधी असते?

---

वाहक_सतरा | ३ ऑगस्ट, दुपारी १.१०

काका, मंगळवारी सकाळी सव्वासातला निमाणीवर असतो, पुढे सिडकोतच येतो. पिशवीला नीट गाठ मारून द्या. शाळेच्या फाटकाशी बाईंच्या हातात देतो.